साखळीतली ती दुपार

यमुनेला पाणी चढू लागलं की दिल्लीत आधी टीव्ही ओरडतो, मग पुस्त्यावर पोलिसांचा भोंगा फिरतो आणि त्यानंतर आमच्या घरातला फोन वाजतो. परवा तो वाजला तेव्हा मी गॅलरीतल्या वाळलेल्या चादरी काढत होते. आकाश स्वच्छ होतं, आणि ऊन एवढं की चादरी हाताला गरम लागत होत्या. पलीकडून फरीदाबादच्या जाधवकाकांचा आवाज आला.

"सलाम, वहिनी. हथिनीकुंडच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलंय. साखळी धरायची म्हणतायत सगळे. तुम्हांला नेहमीचा दुपारचाच तास ना?"

"सांगते."

"नाही म्हणजे, पक्कं करून टाकलं असतं, मग बाकीच्यांना..."

"सांगते म्हटलं ना, काका."

फोन ठेवला आणि खाली पाहिलं. पुस्ता म्हणजे नदीचा बांध. त्यावरचा रस्ता आमच्या मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावरून सरळ दिसतो. रस्त्याच्या कडेने बांबू रोवायला सुरुवात झाली होती. बांबूंवर ताडपत्री, तिच्याखाली खाटा, ट्रंका, शेगड्या, शेळ्या. खादरातली माणसं वर येत होती. खादर म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. ही माणसं वर्षभर तिथे भाजी पिकवतात आणि पाणी आलं की आमच्या दारासमोर रस्त्यावर येऊन राहतात. ओल्या चाऱ्याचा, शेणाचा आणि धुराचा वास चार मजले चढून वर आला.

दिल्लीच्या पुराची तऱ्हाच वेगळी. पाऊस पडतो तो लांब डोंगरात. इथे कडक ऊन असतं, मेट्रो वेळेवर धावते, माणसं डबे घेऊन ऑफिसला जातात आणि खाली नदी मुकाट्याने रुंद होत राहते. माझी मुलगी आशा याच शहरात वाढली. तिला 'पूर' हा शब्द पटकन सुचत नाही. ती म्हणते, "आई, बाढ़ आली की मेट्रोत सगळे खिडकीकडे सरकतात, फोटो काढतात. अजीब आहे यार." मी तिला शब्द सुधारून देत नाही. जे दिसतं ते तिला बरोबर दिसतं.

साखळीचं सांगायचं राहिलं. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, भेटलो की एकमेकांना सलाम म्हणणारे. अशोकच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीने आम्हांला दिल्लीत आणलं. आधी लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर, मग हा फ्लॅट. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठी उपासना होते. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पेटी आणि तबला, शेवटी पोहे. या गोतावळ्याला आम्ही मंडळी म्हणतो. कुणावर संकट आलं की मंडळी साखळी प्रार्थना धरते. एकेका घराने एकेक तास वाटून घ्यायचा. आपला तास आला की हातातलं काम ठेवून प्रार्थनेला बसायचं, आणि तास संपला की पुढच्या घरी फोन करायचा, "आमचा झाला, आता तुम्ही धरा." संकट टळेपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. टळलं की सगळ्यांनी मिळून आभार मानायचे आणि आमेन म्हणायचं, म्हणजे साखळी मिटली. आशा लहानपणी विचारायची, "मतलब रिले रेस ना?" मी हो म्हणायचे. धावत कुणीच नसे, पण काठी खाली पडता कामा नये ही धास्ती मात्र खरी असे.

माझी श्रद्धा किती ते प्रभू जाणे. धास्ती भरपूर आहे.

मोठा पूर आला त्या वर्षीचं आठवायचं तर श्यामकलीपासून आठवावं लागतं. ती बदायूंकडची. ती आणि तिचा नवरा रामऔतार आमच्या गॅलरीसमोरच्या खादरात जमिनीचा एक तुकडा कसत. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच पालक, मुळे, तोरी घेत आले. आमचं नातं भांडणाचं. ती माझ्याच वयाची, पण मला आंटी म्हणते. मी एकदा म्हटलं, "मैं तेरी आंटी कैसे? तेरे बाल मुझसे ज़्यादा सफ़ेद हैं." जुडी बांधता बांधता ती म्हणाली, "मेरे धूप में हुए हैं, आंटी. आप ऊपर रहती हो."  मी जुडी घेतली आणि घरी आले.

आमच्या मंडळीत दिवाळीच्या आगेमागे हंगामाचा सण असतो. गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपाशी ठेवत. माझ्या लहानपणी बाजरीच्या कणसांचा वास आणि जळणाऱ्या मेणबत्त्यांचा वास एकत्र यायचा. दिल्लीत आमच्यातल्या कुणाचं शेत? म्हणून आम्ही सणाची भाजी श्यामकलीकडून आणत असू. भोपळे तिचे, मुळे तिचे, घाम तिचा, आणि आभार मानणारे आम्ही. ती हसायची. "भगवान को बोल देना, गोभी मैंने दी है," असं दर वर्षी बजावायची.

रामऔतार फारसा बोलत नसे. तो बोलायचा ते म्हशीशी. एक शिंग वाकडं असलेली ती काळी म्हैस, तिचं नाव रानी. तिला नदीत घालून तिच्या पाठीवर पाणी मारताना तो काहीबाही सांगत राहायचा. श्यामकली वैतागायची, "ब्याह तो इसने रानी से किया है. मुझे तो चारा काटने लाया है." रामऔतार ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि रानीचे कान पुसायचा.

पाणी आलं तेव्हा भोंगा फिरला, रबरी नावा आल्या, माणसं बोचकी डोक्यावर घेऊन वर आली. नावेत जनावरं घेत नाहीत. रामऔतारने बायकोला नावेत बसवलं आणि स्वतः रानी, तिचं रेडकू आणि शेजाऱ्यांच्या दोन म्हशी घेऊन ट्यूबवेलच्या खोलीजवळच्या उंचवट्यावर थांबला. खोलीच्या छपरावर त्याने निळी ताडपत्री बांधली. "पानी उतर जाएगा, दो रोटी भेज देना," एवढंच म्हणाला, असं श्यामकलीने मला सांगितलं. सांगताना ती त्याला शिव्या देत होती. नवरा डोळ्यांसमोर नसताना बाईने शिव्या दिल्या की समजावं, तिचा जीव टांगणीला लागला आहे.

आमच्या गॅलरीतून ती ताडपत्री दिसायची. सगळीकडे मातकट पाणी, त्यात झाडांचे शेंडे आणि एक निळा ठिपका. सकाळी उठून दात घासायच्या आधी मी तो ठिपका बघे. अशोक विचारायचा, "आहे का गं?" मी म्हणे, "आहे." मग चहा.

मंडळीने त्याच्यासाठी साखळी धरली. ज्याला कधी पाहिलं नाही, जो आपल्या देवाचं नाव घेत नाही, अशा माणसासाठी फरीदाबादपासून दिल्लीच्या लष्करी छावणीपर्यंतची घरं एकेक तास बसू लागली. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "मी तर देव पाण्यात घालून बसले आहे हो त्याच्यासाठी." आम्हां ख्रिस्ती माणसांकडे पाण्यात ठेवायला मूर्ती नसते. पण त्यांचं बोलणं मला जवळचं वाटलं. देव पाण्यातच असायला हवा होता, तिथे, त्या उंचवट्यावर, गुडघाभर. मी मात्र चौथ्या मजल्यावर पंख्याखाली बसून डोळे मिटत होते. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं?

जाधवकाकांशी माझं तेव्हा खूप वाजलं. काका कारखान्यात फोरमन होते, आता निवृत्त. आमच्या साखळीचा सगळा कारभार तेच बघतात. ते म्हणाले, "वहिनी, देवाचं प्रेम आपल्याला मोजता येत नाही. यातही त्याची काहीतरी योजना असेल."

"काका, योजना राहू द्या. त्या माणसाला आज रोटी कशी पोचेल ते सांगा."

 मला लगेच वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. मी तशीच आहे. मला लहानपणापासून बायबलमधल्या जलप्रलयाच्या त्या चित्राचा राग येतो. आशाने रविवारच्या शाळेत तेच चित्र रंगवून आणलं होतं: नाव, वर इंद्रधनुष्य, खिडकीतून बाहेर आलेल्या जिराफांच्या माना. नावेबाहेरची माणसं त्या चित्रात कधीच नसतात. आणि इथे तर सगळं उलटं झालं होतं. नावेत माणसांना जागा होती, जनावरांना नव्हती, म्हणून एक माणूस जनावरांसोबत बाहेर राहिला होता. हे चित्र मुलांना कोण रंगवायला देणार?

काकांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागितलेलं मिळालंच आहे असं धरून आधीच आभार मानायचे, ही आमच्याकडची जुनी शिकवण. विश्वासाची खूण म्हणतात तिला. काका तिच्यात मुरलेले. त्यांच्या बायकोच्या आजारपणात ते रोज तिच्या बरं होण्याचे आभार मानत. ती गेली, तरी त्यांनी सवय सोडली नाही. मला कधीकधी वाटतं, ती सवय सोडली असती तर ते उभे राहू शकले नसते.

पाणी सगळ्यांत वर चढलं त्या दिवशी दुपारी अशोक पुस्त्यावर होता. त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "अगं, आला! नाव आत्ता लागली. ट्यूबवेलकडची सगळी आली म्हणतायत पोलिस. त्याला ॲम्ब्युलन्सकडे नेलं, मी त्याचा लाल चौकड्यांचा गमछा पाहिला." तोच फोन त्याने काकांना केला. काकांनी सगळ्या घरांना कळवलं की प्रभूने ऐकलं, साखळी थांबवा, आता उपकारस्तुती. फोनवरच सगळे जोडले गेले, कुणाचा तबला, कुणाचा नुसता टाळ्यांचा ठेका, सूर कुणाचाही कुणाशी जुळत नव्हता. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी रवा भाजायला घेतला. श्यामकलीला शिरा न्यायचा होता. तूप हात सैल सोडून घातलं.

गात असताना मी गॅलरीत गेले नाही. आभार मानून झाल्यावर कोण बघत बसतं?

शिऱ्यात साखर घातली आणि सहज बाहेर आले. खाली श्यामकली पळत होती. ती लंगरच्या, म्हणजे फुकट जेवणाच्या, रांगेत होती, तिला अशोकने तिथे जाऊन सांगितलं होतं, "आ गए, रामऔतार भाई आ गए." हातातली पत्रावळ तशीच टाकून, पदर खोचून ती ॲम्ब्युलन्सकडे पळत होती. लोक बाजूला होत होते. ती गाडीच्या दारापाशी थांबली. आत वाकली. मग सरळ उभी राहिली.

परत येताना ती चालत आली.

आत दुसराच कुणी म्हातारा होता, पलीकडच्या वस्तीतला. अशोक तिच्यासमोर हात जोडून उभा होता. "मुझे लगा... वो गमछा..." एवढंच त्याला बोलता येत होतं. ती म्हणाली, "सबके पास वही गमछा है, बाबूजी." आवाजात राग नव्हता, त्यामुळे अशोकला जास्तच लागलं. मी खाली पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कठड्याला टेकून बसली होती. मी वर, आमच्या गॅलरीच्या दिशेने पाहिलं, मग पाण्याकडे. खालून काही दिसेना. धावत परत चार मजले चढले. निळा ठिपका नव्हता. कधी गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या दुपारी कुणीच पाहत नव्हतं.

काकांना मीच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, आपण आभार मानले हो. दिलेले आभार परत कसे घ्यायचे?"

 

काका मेट्रोने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला तो मोठा माणूस पुस्त्यावरच्या धुळीत बसला आणि एकेका घराला फोन करून म्हणाला, "आपण चुकलो. साखळी पुन्हा धरा. आमेन म्हटलं ते म्हटलं नाही असं समजा." असं समजता येतं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. घरी कढईत शिरा गार होऊन दगड झाला. तो मी दुसऱ्या दिवशी टाकला.

सूर्य कलला तेव्हा पाण्यात ओरडा झाला. "भैंस! भैंस आ रही है!" पाण्यावर काळी डोकी दिसत होती, एकामागून एक. पुढच्या डोक्याचं एक शिंग वाकडं. श्यामकली उठली आणि सरळ उतारावरून पाण्यात गेली. कमरेपर्यंत. पोलिस ओरडत राहिला. तिने रानीच्या गळ्याला मिठी मारली आणि दुसऱ्या क्षणी तिच्या मानेभोवती हात फिरवून दोर चाचपला. दोराचं टोक तिने वर धरलं, भिजलेलं, अखंड.

"रस्सी खोली है," ती ओरडली. "टूटी नहीं है. देखो. उसने खोली है!"

तिने ते टोक पोलिसाला दाखवलं, अशोकला दाखवलं, मला दाखवलं, काकांच्या हातात दिलं. म्हशीने हिसका देऊन तोडलेला दोर नव्हता तो. कुणीतरी शुद्धीत, हाताने गाठ सोडली होती. बाकीच्या म्हशींचेही दोर सोडलेले, रेडकाचाही. म्हणजे तो होता. म्हणजे तो मागून येत असेल, एखादीचं शेपूट धरून. आम्ही सगळे पाण्याकडे बघत उभे राहिलो. अंधारून पाणी आणि काठ एक झाले तरी उभे होतो. त्यानंतर पाण्यातून काही आलं नाही.

रामऔतार सापडला नाही. पाणी उतरल्यावर शोधलं, खाली ओखल्याच्या बंधाऱ्यापर्यंत शोधलं. उंचवट्यावर चार खुंट्या तशाच ठोकलेल्या होत्या.

मंडळीपुढे पेच पडला. मिळालं तर आभाराचं आमेन, गेलं तर सांत्वनाचं आमेन. इथे दोन्ही नव्हतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, आता मिटवायला हरकत नाही. काका म्हणाले, "माझ्या तोंडून आमेन निघणार नाही." त्या वर्षी हंगामाच्या सणाला मी बाजारातली भाजी आणू दिली नाही. मेजावर नुसता पांढरा कपडा अंथरला. काका साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उठले, दर वर्षीसारखे. म्हणाले, "मी त्या दुपारी आभार मानले. ते मला परत घेता येत नाहीत, आणि पुन्हा देताही येत नाहीत." मग खाली बसले. पेटी वाजवणाऱ्याला पुढे काय वाजवायचं ते कळेना.

थंडीत श्यामकलीने पुन्हा पालक लावला. मी गेले तर जुडी हातात देत तिने विचारलं, "आंटी, उस दोपहर जब आप लोगों ने बंद किया था, तब वो था कि नहीं था?"

ती हे भांडायला विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आमच्याकडे अशा गोष्टींची काही माहिती असते का. मी जुडी धरून उभी राहिले. हाच प्रश्न माझ्या मनात त्या दिवसापासून ठाण मांडून होता. आमची साखळी जमिनीवर पडली होती त्या दुपारीच कधीतरी तो गेला. मग काय, देवाचं प्रेम आमच्या हातांनी धरलं होतं, आणि आम्ही सोडलं म्हणून तो बुडाला? असं असेल तर एवढं मोठं प्रेम आमच्यासारख्या गबाळ्यांच्या हाती द्यायचं कशाला? आणि तसं नसेल, आमच्या धरण्या-सोडण्याने काहीच होत नसेल, तर मग त्याने आपणहून हात सोडला. दोन्हीकडून मला देवाचा राग यायचा. मी तो त्याला बोलूनही दाखवला, माझ्या तासाला, भांडी घासताना, मेट्रोत यमुनेच्या पुलावरून जाताना. नुसत्या स्तुतीने पोट भरणारा देव मला नको आहे, असंही म्हणाले. त्याने ऐकून घेतलं असावं, कारण मला काही झालं नाही.

माझे वडील खेड्यात प्रचारक होते. एकदा गावात विहीर खोदताना ढासळली आणि एक तरणा माणूस आत राहिला. वडील त्या घरी गेले, चपला काढल्या आणि ओसरीवर बसले. संध्याकाळपर्यंत बसून घरी आले. आई म्हणाली, "दोन शब्द तरी बोलायचे होते. प्रार्थना करायची होती." वडील म्हणाले, "मित्र मेल्यावर प्रभूसुद्धा त्याच्या दारात उशिरा पोचला, तर आधी रडला. मी काय त्याच्यापेक्षा शहाणा?" मला तेव्हा हे पळवाट काढल्यासारखं वाटलं होतं. पण पालकाची जुडी हातात धरून श्यामकलीपुढे उभी असताना मला दुसरं काहीच सुचलं नाही. मी बांधावर बसले. ती भाजी काढत राहिली.

उत्तर मग तिनेच दिलं, बऱ्याच दिवसांनी. रानीपुढे चारा टाकताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "था वो. आप लोग गा रहे थे, वो रस्सी खोल रहा था."

मला तो टोमणा वाटला. घरी येऊन अशोकला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "टोमणा कसला? ती तुला वेळ सांगतेय." मग माझ्या लक्षात आलं. तिने नवऱ्याचा शेवटचा तास शोधून काढला होता आणि तो असा ठरवला होता. पाणी छातीला लागलेलं, आणि तो एकेका म्हशीपाशी जाऊन तिची गाठ सोडतोय, आधी शेजाऱ्यांच्या, मग स्वतःच्या. ओल्या दोराची गाठ सुटायला किती झटावं लागतं ते मला माहीत आहे.

तेव्हापासून देवाच्या प्रेमाचा विचार करताना वरून खाली येणारा, ओढून काढणारा हात माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. तो हात मी खूप शोधला, त्या दुपारी तो आला नाही. दिसतो तो पाण्यात उभा असलेला माणूस. ज्यांना नावेत घेतलं नाही त्यांच्याबरोबर मागे राहिलेला, त्यांच्या गाठी सोडणारा. आमच्या क्रूसावरही असाच एक आहे, हे मी जन्मभर ऐकत आले आणि मला ते कळत नव्हतं. आताही पूर्ण कळलंय असं नाही. आणि हे काही उत्तर नव्हे. उत्तर असतं तर रामऔतार घरी आला असता. श्यामकलीला याने काडीचा उपयोग नाही, तिला नवरा हवा होता.

साखळी मिटली नाही ती नाहीच. पाणी चढलं की काका फोन करतात, नवी साखळी नाही म्हणतात, तीच पुढे धरायची. दुपारचा तास माझा, कुणी न ठरवता. आणि दर वेळी मी आधी "सांगते" म्हणते. तो तास घ्यायची मला भीती वाटते, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचीही.

काल दुपारी मी पंखा बंद केला आणि खाली गेले. ऊन मी म्हणत होतं. रस्ताभर ताडपत्र्या, एकीच्या सावलीत श्यामकली. आता ती पहिल्या भोंग्यालाच जनावरं घेऊन वर येते, माणसांच्या आधी जनावरं. रानी म्हातारी झाली आहे, आणि तिचं ते रेडकू आता अंगाने भरलेली म्हैस. पलीकडे पाणी झाडांच्या बुंध्याला लागलं होतं. भोंगा ओरडत होता की आत कुणी राहिलं असेल तर बाहेर या. श्यामकली तिकडे बघत नव्हती. एकाच जागी नजर जाईल म्हणून मुद्दाम पाठ करून बसली होती.

"बैठो आंटी," ती म्हणाली. मी खाटेच्या कडेला बसले. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि बायका भांडी घेऊन पळाल्या. श्यामकली उठली, खांबाचा दोर सोडला आणि माझ्या हातात दिला. भोंग्याने रानी बिथरत होती. "पकड़ो ज़रा. बाँधना मत. मैं आती हूँ."

मी दोर धरला. प्रार्थनेला मिटायचे म्हणून डोळे मिटायला गेले तर रानीने मान झटकली, म्हणून उघडेच ठेवले. पाण्याकडे बघत बसले. शब्द काही आले नाहीत. दोर हाताला खरखरीत लागत होता आणि तिचा गरम श्वास माझ्या मनगटावर येत होता. ती दुपार मी अशीच बसून काढली असती तर, असं मनात आलं. काही बदललं नसतं. तो ठिपका जाताना कुणीतरी पाहिला असता, एवढंच.

फोन वाजला. काका.

"सलाम, वहिनी. तास झाला. मी धरू का पुढे?"

"थांबा, काका. श्यामकली पाणी भरायला गेलीय. माझ्या हातात म्हैस आहे."

 ते म्हणाले, "बरं. मी आहे फोनवर."

मी फोन खांद्यात धरला, दोर दोन्ही हातांत. टँकरपाशी भांड्यांचा आवाज, रांगेत भांडणं, पाण्यावर नुसतं ऊन. काकांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी आभार मानले नाहीत, काही मागितलं नाही, आमेन म्हटलं नाही. बादली घेऊन येणारी श्यामकली दिसेपर्यंत आम्ही दोघं तसेच थांबलो.